चंपतची पितळी कळ

वाशीमजवळ वांगी-मेथी पिकवणाऱ्या चंपत इंगोलेला हौशी रेडिओचा भारी नाद. टिंब आणि रेघांच्या मोर्स भाषेत तो लांबलांबच्या लोकांशी बोलायचा. पण ज्या कळीवर, म्हणजे खटक्यावर, बोटांनी टिंबं-रेघा ठोकून बोलायचं, तिचीच त्याला शिसारी यायची.

"थू! हे काय कळ हाय? मेलेल्या बेडकावानी लिबलिबीत लागते," असं तो बायकोला, हौसाबाईला, ऐकवायचा. टिंबाची रेघ झाली की कळीची आयमाय काढायचा. दुसरी कळ आणली ती कुरकुरायची, तिसरी डुगडुगायची. तिन्ही त्यानं तोंड वाकडं करत उकिरड्यावर भिरकावल्या.

शेवटी वर्षभर जीव टाकून मागवलेली झळझळीत पितळी कळ परदेशातून आली. चंपतनं हात साबणानं धुतले, ऐटीत बसला आणि नांदेडच्या जुन्या दोस्ताला नाव न सांगता नुसता नमस्कार ठोकला.

लगेच उत्तर आलं. चंपत ते कागदावर उतरवून बायकोसाठी मोठ्यानं वाचू लागला, "चंपतराव, ठोकण्याच्या ढबीवरूनच ओळखलं तुम्हाला! ती भंगार कळ कधी बदलता?"

चंपत आपल्या उजव्या हाताकडे किळस आल्यासारखा बघत राहिला.

हौसाबाईनं शांतपणे विचारलं, "आता काय फेकता जी उकिरड्यावर?"