मावशी दोन कप कॉफीला आली

आईच्या साठीला मावशी आली ती "दोन कप कॉफी घेऊन निघते" असं दारातच जाहीर करून. पाच वर्षांच्या अबोल्यानंतर एवढं औदार्य पुष्कळ झालं. अबोल्याचं कारण कुत्रे. ग्रीनलंडमधल्या आमच्या खाडीवरचा बर्फ बेभरवशाचा झाला तेव्हा आईनं स्लेज ओढणारे कुत्रे देऊन टाकून बोट घेतली. पलीकडच्या काठावर राहणाऱ्या माग्दालिना मावशीच्या लेखी आई त्याच दिवशी मेली.

मावशीचा शेजारी एनोक तिला बोटीनं सोडून परत गेला आणि कडाक्याची थंडी पडली. खाडीवर बर्फ धरला. स्लेज पेलणार नाही इतका पातळ, बोट जाऊ देणार नाही इतका जाड. हेलिकॉप्टर रोज धुक्यामुळे रद्द.

"राहा की," आई गोड हसली. "तुझा लाडका बर्फ पक्का होईपर्यंत. तोवर नातवंडांची लग्नंही उरकतील."

रेडिओवर सांगत होते, दक्षिणेकडचं कोमट पाणी ग्रीनलंडच्या खाड्यांत शिरतंय, म्हणून बर्फ उशिरा धरतो, वारेही ताळ सोडून वाहतात.

"पाहुणा कोमट असला तरी यजमानाचं घर वितळतं म्हणायचं!" मावशी म्हणाली.

"आणि पाहुणा कडक असला की कॉफी संपते."

महिना गेला. मावशीनं आईच्या सीलच्या रश्श्याला नावं ठेवली आणि मग चूलच ताब्यात घेतली.

एके दुपारी एनोकचा फोन आला. तो मावशीचे कुत्रे फिरवायला बर्फावर गेला होता. बर्फ फुटला. तो वाचला, पण पुढचा म्होरक्या कुत्रा पाण्याखाली गेला. मावशी खिडकीशी बसून राहिली. आई तिच्या शेजारी बसली, आणि दिवसभर तिनं एकही टोमणा मारला नाही. तिला ते फार जड गेलं असावं.

मग ऐन जानेवारीत पाऊस पडला, दक्षिणेच्या वाऱ्यानं बर्फ मोडला. आईनं मावशीला बोटीत बसवलं, मीही चढले.

"डबडं बरं पळतं," अर्ध्या वाटेत मावशी म्हणाली. "कुत्र्याला 'चल' म्हणता येतं. ह्याला काय म्हणायचं?"

"ह्याला पेट्रोल पाजायचं, अगं."

वसंतात मावशीनं कुत्रे उत्तरेकडच्या पुतण्याला दिले, एक म्हातारी कुत्री तेवढी ठेवली. त्या दिवशी मावशी जेवली नाही. आता ती आईकडून बोट चालवायला शिकतेय. गेल्या रविवारी तिनं बोट आमच्या धक्क्यावर आदळली. दोष अर्थातच धक्क्याचा होता.