धुळे ते सावदा: अक्काचे दोन्ही डोळे

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि थंडी पडायला लागली होती. मी धुळ्यात बँकेत नोकरीला होते. एक दिवस कामाच्या वेळेत सावद्याहून दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शैलाअक्काचे यजमान. केळीचे बागाईतदार, आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागायचा. त्या दिवशी मात्र मला रिसीव्हर कानाला दाबून धरावा लागला.

"मंगल, अक्काच्या डाव्या डोळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हनते डोळा काढा लागन. पुढच्या आठवड्यात मुंबईले जायचं हाये. त्याच्या आधी तिले एक फोटो पाह्यजे. तूच काढ म्हने."

मी हौशी फोटोग्राफर. घरात एक जुना जपानी कॅमेरा होता आणि बारशी, साखरपुडे यांचे फोटो काढायला मला बोलावत. पण अक्काचा फोटो मला कधीच जमला नव्हता. लहानपणापासून तिला जाडजूड भिंगांचा चष्मा. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश उडाला की भिंगांच्या जागी दोन पांढरी टिकल्यांसारखी वर्तुळं उमटत. तिच्या लग्नाचा अख्खा अल्बम तसाच आहे. नवरी आहे, मुंडावळ्या आहेत, डोळे नाहीत.

म्हणून रजा टाकली आणि आधी जळगाव गाठायचं ठरवलं. धुळ्याहून सकाळच्या एसटीने पारोळा, एरंडोल करत तीनेक तासांत जळगाव येतं. एरंडोलला गाडी थांबली की गरम भजी घ्यायला विसरू नका. पारोळ्यापर्यंतच्या खड्ड्यांची भरपाई होते.

जळगावात स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर फोटोच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदाराने काउंटरवर तीन फ्लॅश मांडले. एक काडेपेटीएवढा, एक डोकं वळवता येणारा मध्यम, आणि एक बॅटरीची पेटी खांद्याला लटकवायचा भला थोरला.

"मोठा घ्या ताई, लग्नाचा अख्खा मांडव उजळेल," तो म्हणाला. "मिस्टर फोटोग्राफर आहेत का?"

"नाही, मीच आहे. आणि मला मांडव नाही, एक चेहरा उजळायचाय."

तो हसला आणि नीट सांगू लागला. तुम्हीही पोर्ट्रेटसाठी पहिला फ्लॅश घेणार असाल तर त्या दिवशी मी काय पाहिलं ते सांगते. ताकद सगळ्यात शेवटी पाहिली. पहिली गोष्ट, फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा करून वायरने उडवता येतो का. दुसरी, त्याचा जोर हाताने निम्मा, पाव असा कमी करता येतो का. तिसरी, घरच्या पेन्सिल सेलवर चालतो का, कारण खेड्यात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. मधला फ्लॅश तिन्हीत बसला. सोबत लांब वायर, एक घडीचा स्टँड, उजेड परतवणारी पांढरी छत्री आणि ती स्टँडला बांधायचा चिमटा घेतला. निम्मा पगार गेला. वायर दुकानातच जोडून उडवून पाहिली. ही सवय लावून घ्या, नव्या वायरी बऱ्याचदा जोडापाशीच दगा देतात.

रात्री मैत्रिणीकडे मुक्काम करून सकाळी भुसावळ गाठलं, तिथून फैजपूरची गाडी. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळीच केळी. हवेतच गारवा येतो. फैजपूरला उतरून दुसऱ्या गाडीने सावदा. केळीचे घड लादलेले ट्रक रस्त्यात उभे असतात, त्यामुळे शेवटचे थोडेसे मैल सगळ्यात जास्त वेळ खातात.

अक्का ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला पाहून उठली, पण पायरीचा अंदाज चुकला आणि तिने खांबाला हात टेकला.

"डावीकडून आता धुरकट दिसतं," ती एवढंच म्हणाली. मग माझ्या पिशवीकडे बघून, "छत्री कशाला? इथे काय पाऊस पडतोय?"

जेवायला तिच्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी होती. हिवाळ्यात या भागात आलात तर हॉटेलात नका खाऊ, कुणाच्या तरी घरी ओळख काढा. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली ती भाकरी नुसत्या मिरचीच्या ठेच्याबरोबरही पोट भरते.

जेवताना मी अक्काला विचारलं, असा फोटो तिला कशासाठी हवा.

तिने चष्मा काढून पदराने पुसला. "मी माझे दोन्ही डोळे कधी एकत्र पाहिलेच नाहीत गं. चष्मा लावून आरशात बघावं तर डोळे मण्यांएवढे बारीक दिसतात. काढला तर आरशाला नाक टेकवावं लागतं, आणि मग एकच डोळा दिसतो. एकदा हा, एकदा तो. आता एक जाणार. एकदा दोन्ही सोबत बघायचेत."

दाजी उठून हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

दुपारी दाजींच्या हट्टामुळे आम्ही बागेत गेलो. "केळीच्या सावलीत काढ, तिचं आवडतं ठिकान हाये," ते म्हणाले. ठिकाण सुंदर होतं, उजेड मात्र हिरवा. पानांतून गाळून आलेला तो उजेड चेहऱ्यावर पडला की माणूस आजारी दिसतं. फ्लॅशने तो हिरवेपणा मारता येईल असा माझा हिशोब. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि छत्री स्टँडसकट आडवी झाली, मग निघाली पाटाकडे. दाजी धोतर सावरत तिच्यामागे धावले. अक्का किती तरी वेळ हसत होती. बाहेर छत्री लावायची तर स्टँडच्या पायात वाळूची पिशवी अडकवा, किंवा माझ्यासारखं दाजींना सोबत न्या.

शेवटी घरातल्या पुढच्या खोलीत फोटो काढले. छत्री अक्काच्या डोक्याच्या थोडी वर, एका अंगाला. छत्री उजेड बराच खाते, म्हणून ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, हिशोबापेक्षा दोन खाचा जास्त उघडलं. त्या काळी काढलेला फोटो लगेच दिसत नसे. दुसऱ्या सकाळी मी रोल घेऊन भुसावळच्या कलर लॅबमध्ये गेले आणि संध्याकाळपर्यंत स्टेशनबाहेर चहावर चहा पीत बसले.

पाकीट लॅबच्या काउंटरवरच उघडलं. चेहरा मऊ, रंग खरा, लुगड्याचा काठही स्वच्छ. पण दोन्ही भिंगांत पांढरी छत्री! काड्यांसकट. पूर्वी दोन टिकल्या होत्या, आता दोन छत्र्या.

लॅबवाल्याने फोटो पाहिले. "रिकामी फ्रेम घाला की. काच नसलेली. स्टुडिओत सगळे तेच करतात."

सावद्याला परतून मी अक्काला तसं सुचवलं. तिने साफ नकार दिला. "पुढे उसना डोळा घालायचाच आहे. आता उसना चष्मा नको."

"मग चष्मा काढूनच बस."

तिने चष्मा नाकावर घट्ट बसवला. चष्म्याशिवाय ती घराबाहेर पाऊल टाकत नसे, पाहुण्यांसमोर तर नाहीच. शाळेत पोरं तिला चिडवायची ते मला आठवत होतं. मी आग्रह केला नाही.

सकाळी तीच म्हणाली, "चल. लाव तुझी छत्री."

मुंबईची गाडी दुसऱ्या दिवशीची होती, म्हणजे ही शेवटचीच संधी. आधी चष्म्यासकट काढले. कॅरममध्ये सोंगटी ज्या कोनात कडेला आपटते त्याच कोनात परतते, उजेडाचंही तसंच. म्हणून या वेळी छत्री जवळजवळ आढ्याला टेकवली आणि अक्काला हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगितली, म्हणजे परतणारा उजेड जमिनीकडे जाईल. भिंगं स्वच्छ दिसू लागली.

मग तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. छत्री मी पुन्हा खाली आणली. पण तिची नजर भिरभिरू लागली. कॅमेरा कुठे, मी कुठे, तिला काहीच कळेना. कपाळाला आठ्या, डोळे किलकिले. पाचसहा फोटो तसेच गेले. तिचे हात मांडीवरच्या चष्म्याकडे सरकायला लागले.

मी दाजींना माझ्या अगदी मागे उभं केलं. "बोलत राहा. काहीही बोला."

दाजी घसा खाकरून म्हणाले, "काय बोलू व?"

"एरवी तर बोलताना थांबत नाही तुम्ही," अक्का म्हणाली.

"त्या दिवशी छत्री काय पयाली व, शैला! मी मागं, ते पुढं. सालदार म्हने, मालक, हे कोनतं पाखरू हाये?"

अक्का आवाजाच्या दिशेने वळली. आठ्या गेल्या. नवरा दिसत नव्हता, पण तो कुठे आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. मी रोल संपेपर्यंत बटण दाबत राहिले. प्रत्येक वेळी फ्लॅश पुन्हा भरल्याची बारीक शीळ ऐकून मगच पुढचा.

दुपारीच रोल भुसावळला पोचवला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सामानासकट भुसावळला उतरलो. त्यांना स्टेशनवर बसवून मी लॅबमध्ये धावले. पाकीट तिथे उघडायचं धाडस झालं नाही. फलाटावर अक्काच्या हातात दिलं.

चष्म्यातला फोटो तिने पाहिला, मान हलवली आणि पुढचा घेतला. तो मात्र तिने चष्मा कपाळावर ढकलून नाकाजवळ नेला, मग लांब धरला, मग चष्मा लावून पुन्हा पाहिला. आजूबाजूला हमाल, पेट्या, चहावाले. तिला कशाचंच भान नव्हतं.

"दोन्ही सारखे नाहीत गं," ती हळूच म्हणाली. "डावा जास्त हसतो."

जो जाणार होता तोच.

दाजींनी फोटोत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. "मले त पयलेपासून माहीत हाये," ते म्हणाले आणि सामान उचलायला वाकले, कारण गाडी येत होती.

मी एकटीच परत फिरले. जळगावहून धुळ्याच्या गाडीत शेजारी एक म्हातारी बसली होती. माझ्या मांडीवरची लांब पिशवी चाचपून म्हणाली, "या पिशवीमा काय शे वं माय?"

"छत्री शे आजी, फोटू काढानी."

"मंग रडी का ऱ्हायनी?"

मी डोळे पुसून तिला सगळं सांगितलं. पारोळा येईपर्यंत तिने माझा हात धरून ठेवला होता.

ऑपरेशन नीट झालं. गाठ पुन्हा उद्भवली नाही. काही महिन्यांनी कृत्रिम डोळा बसवला. पुढच्या भाऊबीजेला अक्का धुळ्याला आली आणि फराळ झाल्यावर आपणहून खुर्ची ओढून भिंतीपाशी बसली. चष्मा काढला.

"काढ फोटो."

मी छत्री तिच्या उजवीकडे लावली, म्हणजे डावा गाल आणि तो डोळा सावलीत जाईल. कॅमेरा डोळ्याला लावला तर ती मान हलवत होती. छत्री कोणत्या बाजूला उघडली ते तिने आवाजावरून ओळखलं होतं.

"इकडून लाव. तो डोळा अंधारात कशाला टाकतेस? चांगला महागाचा आहे."

मी स्टँड उचलून डावीकडे नेला.