मनातल्या मनात वाचायचं पुस्तक

वयात येणाऱ्या मुलांना वाचायला काय द्यावं, असं लोक मला अजून विचारतात. उभा जन्म शिकवण्यात गेला, तेव्हा विचारणारच. मी पुस्तकं सुचवते, आणि चांगली सुचवते. पण मुलगी तेरा-चौदा वर्षांची आहे असं कळलं की माझी जीभ अडखळते. त्याचं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं ते नाहीच, पण लाज मनात दाबून ठेवून ठेवूनही माणूस थकतं.

सन तीसच्या पुढची ती वर्षं. सोलापुरातल्या मुलींच्या एका मराठी शाळेत सातवीचा वर्ग माझ्याकडे होता. मी बावीस-तेवीस वर्षांची, विधवा, भावाच्या घरी राहणारी आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असे आणि ती मिरवत मी अशी हिंडे, की जसा काही खजिनाच माझ्या ताब्यात आहे. खजिना कसला! पतिव्रतांची चरित्रं, काटकसरीचे धडे, मुलांच्या आजारांवरचे घरगुती उपाय, आणि दर पानाला एक उपदेश असलेल्या बोधकथा. शाळा चालवणाऱ्या मंडळींनी मंजूर केलेली पुस्तकं ती. दर शनिवारी मी एकेक बाहेर काढायची आणि “फार सुंदर आहे हं, अवश्य वाचा,” म्हणून मुलींच्या हातात ठेवायची. त्यातली निम्मी मी स्वतः उघडलीही नव्हती. मुलींना बिचाऱ्यांना ते काय ठाऊक!

त्या वर्गात विणकराची एक मुलगी होती. घर साखर पेठेत, घरात दोन माग. घरची भाषा तेलुगू. मराठी ती गल्लीत आणि शाळेत शिकली होती, पण वाचायला उभी राहिली की आमच्या बामणांच्या पोरींनी माना खाली घालाव्यात. शनिवारी कपाटापाशी पहिली तीच उभी असायची. एकदा ती दोन दिवस आली नाही, म्हणून मी चौकशीला तिच्या घरी गेले. पाहते तर वडील मागावर, आई आणि चुलती रहाटावर सुताच्या कांड्या भरताहेत, आणि मधोमध ही बया अंगात ताप असताना पांघरूण घेऊन मोठ्यानं पुस्तक वाचतेय. दोन ओळी मराठीत वाचायची, की लगेच त्या तेलुगूत सांगायची. वडील मागाचा ठोका थांबवून मध्येच काही विचारत, बायका हसत. माझ्याच कपाटातली ती रटाळ बोधकथा, पण त्या घरात तिला काय रंग चढला होता!

मला पाहून वडील लगबगीनं उठले. “बाई, हिच्या शाळंचा आमाला लई उपयोग हाय,” ते म्हणाले. “गोष्ट ऐकत ऐकत हात चालतोय की. भाऊबंद म्हनत्यात, लगीन करून टाक. मी म्हनलं, फायनल होऊ द्या.”

फायनल म्हणजे सातवीची सरकारी परीक्षा. ती पास झाली की मुलीला मास्तरीण होता यायचं. या मुलीच्या मनात तेच होतं. तिच्या बरोबरीच्या सगळ्या नात्यातल्या मुली सासरी गेल्या होत्या. ही एकटी घरी राहिली होती, ती या वाचनाच्या जोरावर.

परीक्षा दोन महिन्यांवर आली तेव्हा मी तिला माझ्या ट्रंकेतली एक कादंबरी दिली. पुण्याला ट्रेनिंगला असताना घेतलेली. ठरलेलं लग्न मोडून एक मुलगी घराबाहेर पडते, दवाखान्यात राहून नर्सचं शिक्षण घेते, लोक नाही नाही ते बोलतात, तरी हटत नाही, अशी ती गोष्ट. तेव्हा त्या पुस्तकाचं नाव काढलं तरी लोक नाकं मुरडत. मी ते का दिलं? तिची भूक मोठी होती आणि कपाटातला चारा संपला होता, हे खरंच. पण माझ्या मनात आणखीही एक होतं. मला धाडस करायची हौस होती, आणि ते दुसऱ्याच्या हातून होत असेल तर बरं, असं वाटत होतं. पहिल्या पानावर माझं नाव होतं. देण्याआधी ते पान मी कात्रीनं कापून काढलं. म्हणजे भ्यायचं मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

“हे घरी मोठ्यानं वाचू नकोस हं. मनातल्या मनात वाच,” मी तिला बजावलं.

“मनात वाचलं तर ऐकायला कुणाला येतंय बाई?” ती हसली. मी थट्टा करते आहे असं तिला वाटलं असावं.

पाचव्या दिवशी मुख्य बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. तिथं तिचे वडील उभे होते, हातात उपरण्यात गुंडाळलेलं ते पुस्तक. ती त्यांच्या मागे. वडील रागावलेले नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. गोंधळलेले होते.

“मला वाचाया येत न्हाय,” ते म्हणाले. “पोरगी चार दिस झाले, गप वाचतीया. विचारलं तर म्हनती, हे मनात वाचायचं हाय. आमच्या घरात आजपातुर पुस्तक गप कुनी वाचलं न्हाय. चांगलं असंल तर मोठ्यानं वाचाया काय झालं? ते तेवढं सांगा, म्हून आलो.”

किती साधा प्रश्न होता.

मुख्य बाईंनी पुस्तक उघडलं. चार पानं चाळली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. शाळेचा शिक्का कुठंच नव्हता. “हे आपल्या कपाटातलं नाही. तुम्ही दिलंत का हे?” त्यांनी मला विचारलं.

हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? नोकरी गेली असती कदाचित. भावाच्या घरी पुन्हा दिवसभर चुलीपुढे बसावं लागलं असतं. त्या वेळी मला ते मरणासारखं वाटत होतं. मी जमिनीकडे पाहत राहिले.

तेवढ्यात वडिलांच्या मागून ती म्हणाली, “बाईंनी न्हाय दिलं. बाईंच्या टेबलावर व्हतं. मी न विचारता उचललं.”

चौदा वर्षांची पोर. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी नुसतं तोंड उघडून ‘खोटं आहे’ म्हणायचं होतं. तोंड मी उघडलं, पण म्हणाले, “पुन्हा असं करू नकोस.”

गप्प राहण्यापर्यंतचं एक वेळ मी स्वतःला माफ केलं असतं. या चार शब्दांचं काय करू?

वडिलांचा चेहरा पार उतरला. इतका वेळ पुस्तकाबद्दल त्यांना शंका होती, पोरीबद्दल नव्हती. त्यांनी दोन्ही हात जोडले, तेही माझ्यापुढे. “चुकी झाली बाई पोरीची. पदरात घ्या. चोरी कराया कुटं शिकली, काय की,” म्हणाले. मी कसनुशी मान हलवली. मुख्य बाईंनी पुस्तक आपल्या खणात टाकून कुलूप लावलं. ते मी कधी परत मागितलं नाही. कुठल्या तोंडानं मागणार?

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. आठवड्यानं वडील तिचं नाव काढून घ्यायला आले. लग्न ठरलंय, म्हणाले. दाखला लिहायचं काम वर्गशिक्षिकेचं, म्हणजे माझंच. वर्तणुकीच्या रकान्यात मी सगळ्या मुलींना ‘उत्तम’ लिहीत असे. मुख्य बाई म्हणाल्या, “हिला ‘बरी’ लिहा.” मी झोकदार अक्षरात ‘बरी’ लिहिलं.

दाखला घ्यायला ती माझ्या टेबलापाशी आली. हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या. वडील दाराशी शिपायाशी बोलत थांबले होते. मी तिच्या नजरेला नजर देणं टाळत होते. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, आणि बोललीच पाहिजे; मी ऐकून घेईन.

ती खाली वाकून हळूच म्हणाली, “बाई, मागची थोडी पानं ऱ्हायली. तिचं पुढं काय झालं?”

ती पानं मला तोंडपाठ होती. ती मुलगी परीक्षा पास होते आणि नोकरीच्या गावी जायला एकटी निघते. एवढं सांगायला एक वाक्य पुरे होतं, आणि तेही कुजबुजत सांगता आलं असतं. पण वडिलांनी नेमकं आमच्याकडे वळून पाहिलं.

“काय व्हायचंय?” मी मोठ्यानं म्हणाले, त्यांना ऐकू जाईल असं. “घरी परत आली. लग्न झालं तिचं.”

तिनं दाखल्याची घडी घातली, मग ती आणखी एकदा दुमडली.

“असं व्हय,” ती म्हणाली. “मला वाटलं, पास झाली असंल.”