चेन्निंगच्या तोंडावरचे वण

आमच्या बोने मुलखाच्या किनाऱ्यावर चेन्निंगला सगळे चाळणी म्हणत. चेन्निंग म्हणजे आमच्या भाषेत 'गोड', पण लहानपणी देवी आल्या आणि तोंडभर खड्डे ठेवून गेल्या. लग्न काही जमलं नाही. सुके मासे विकायची. कुणी चाळणी म्हटलं की फटकन म्हणायची, "ये, तुझं पीठ चाळून देते!"

मी लग्न होऊन आले त्याच वर्षी आमचा शेजारी लम्माई मकासर बंदराहून परतला तो तापानं फणफणतच. त्याच्या बायकोला, बेच्चेला, हातभार लावायला मी गेले. त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या. मग त्याच्या अंगावर पुरळ उठलं.

"देवी!" एकच ओरडा झाला. खांबांवरच्या त्या घराची शिडीच लोकांनी काढून घेतली. आत लम्माई, बेच्चे आणि तान्हं पोर.

चेन्निंग पेजेचं भांडं घेऊन आली. "शिडी लावा."

"मरायचंय का तुला?" माझे सासरे ओरडले.

"मला एकदा येऊन गेल्यात, काका. पुन्हा नाही यायच्या. तुमचं तोंड गुळगुळीत आहे, तुम्ही लांब राहा!" आणि ती सरसर वर चढली.

खबर लागताच देवी टोचणारा बासो आला. त्याला बघून माणसं झाडामागे लपली. तो वाळूतच बसला आणि वर दारात उभ्या चेन्निंगकडे बोट करून म्हणाला, "रोग्याच्या उशाशी बसूनही हिला काही होत नाही. का? हिच्या अंगानं त्या जंतूंशी एकदा झुंज दिलीय, त्यांची ओळख ठेवलीय. आता ते शिरले तर हातपाय पसरायच्या आत रक्त त्यांचा फडशा पाडतं. माझ्या सुईवर त्यांच्याच जातकुळीतला, पण सौम्य जंतू आहे. त्याच्याशी लढून अंग शिकतं."

मी झाडामागून पुढे आले. "आणि ज्यानं रोग्याला हात लावलाय, त्याचं काय?"

"कधी लावलास?"

"परवा."

"मग उभी काय राहिलीस? ये! देवी अंगात मुरायला वेळ लागतो. त्यांच्याआधी पोचू आपण!"

सासूनं हात धरला. वरून चेन्निंग कडाडली, "सोडा तिला! घरात दुसरी चाळणी हवीय का?"

मी दंड पुढे केला. सुई टचटच टोचली. पुढं तिथं लाल गाठ आली, फोड भरला, अंग तापलं. सासूनं गळा काढला, पण बासो फोड बघून नाचायचाच बाकी राहिला. "लस धरली! अंग लढतंय!"

ताप उतरला. खपली धरली. मी रोज आरशात तोंड बघायची, कपाळ चाचपायची. एकही पुळी नाही! सासूबाईच बाही वर करून बासोपुढे जाऊन बसल्या आणि त्यांच्यामागे सगळं गाव.

लम्माईचा एक डोळा गेला, पण जीव वाचला. बेच्चेलाही आल्या होत्या, पण तीही उठली. पोराला बासोनं वेळेत टोचलं होतं, त्याला काहीच झालं नाही.

निघताना बासो म्हणाला, "मावशी, पुढच्या गावाला चला. तुम्हाला पाहिलं की लोकांना पटतं."

"चल. पण वल्हं मी मारणार. तुला येत नाही."

त्यानंतर ती त्याच्याबरोबर बेटाबेटांवर हिंडली. परतताना लांबूनच होडीत उभी राहून हाका मारायची, "तिकडच्या देवीही संपल्या गं, तिकडच्याही!" आणि आम्ही बायका लुगडी सावरत पाण्यात धावत सुटायचो.