सुभेदारांचा चिनी वाडगा

परदेशात, माउंट रॉस्किलच्या एका फार्मसीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या दमयंतीताईंचा जीव दोनच माणसांत अडकलेला: नात ओवी आणि शेजारच्या चिनी लिनबाई. यजमान गेले तेव्हा तेरा दिवस लिनबाईंनी कुंपणावरून जेवण पोचवलं. तेव्हापासून दोन घरांत एक स्टीलचा डबा ये-जा करतो आणि कधी रिकामा परतत नाही. रिकामं भांडं परत करू नये, हे लिनबाईंना शिकवावं लागलं नाही.

ताईंच्या देवघरात तीर्थाला एक निळा वाडगा होता. ताईंचे पणजोबा, सुभेदार मोरेश्वरराव, इंग्रजांच्या पलटणीबरोबर चीनला गेले तेव्हा तिथल्या राजाने खूश होऊन दिला, असं घरात सांगत. ओवीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी वाचलं आणि आजीच्या कौतुकावर पाणी फिरवलं.

"आजी, १९०० मध्ये तिथले लोक फॉरेनर्सविरुद्ध उठले. आठ देशांच्या आर्मीज गेल्या, अँड दे लूटेड, ढिगाने. राजघराणं तर पळून गेलेलं. सो हू गिफ्टेड इट?"

ताईंच्या डोक्यात तेच फिरू लागलं. सुभेदार स्वतः गोऱ्यांचे ताबेदार, आणि निघाले गोऱ्यांवर उठलेल्यांनाच दाबायला! वर कुणाच्या घरातला वाडगा उचलला, आणि आम्ही त्यातून तीर्थ घेतलं. लिनबाईंचं गाव तिआनजिनजवळ, त्याच धामधुमीत जळालेलं. तसं त्यांनीच एकदा सांगितलं होतं.

"आई, वाडगा परत करायच्या भानगडीत पडू नको," मुलगा नितीश म्हणाला. "चांगली शेजारीण गमावून बसशील."

ताईंना भीती तीच होती. तरी त्या गेल्या. वाडग्यात काय घालून न्यावं ते सुचेना, म्हणून बेसनाचे लाडू डब्यात घेतले आणि वाडगा रिकामाच. सगळं सांगितलं. लिनबाईंनी वाडगा उलटा करून बुडाची अक्षरं वाचली, वाडगा आणि डबा दोन्ही ठेवून घेतले आणि दार लावलं.

चार दिवस डबा आला नाही. ताईंनी देवापुढे साधी वाटी ठेवली. जेवण गोड लागेना.

पाचव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात लिनबाई, डोळे सुजलेले.

"वाडगा माझ्याकडे राहील."

"तुमचाच आहे."

"तुझ्या पणजोबांचा राग आहे मला. अजून काही दिवस राहील." त्यांनी डबा पुढे केला. "कोबीचे डंपलिंग. मांस नाही घातलं. धर लवकर, हात भाजतोय."