ही ओळ तुमची नाही

काशीत देह ठेवला की माणूस सगळ्यातून सुटतो म्हणतात. आमच्या तिथल्या घरमालकांच्या संशयातून मात्र मेलेला माणूसही सुटत नसे. गल्लीतले एक वृद्ध वैद्य वारले तेव्हा अख्खी गल्ली हळहळत होती आणि हे ओट्यावर बसून म्हणाले, ‘पण इतक्या घाईत का गेले? काहीतरी बात आहे.’ वैद्यांचं वय तेव्हा एक्याण्णव होतं. रामघाटाच्या वरच्या अंगाला, समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहावं अशा गल्लीत या घरमालकांचं घर होतं. बँकेने माझी बदली बनारसला केली आणि त्या घराचा वरचा मजला मला भाड्याने मिळाला. मिळाला म्हणजे चार दिवसांच्या उलटतपासणीनंतर मिळाला. मी लोकांना कर्ज देताना जितकं विचारत नाही तितकं त्यांनी मला दोन खोल्या देताना विचारलं.

त्यांच्या संशयाला लहानमोठं असा भेद नव्हता. खिडकीवर येणाऱ्या माकडांबद्दल त्यांचं ठाम मत होतं की ही रोज तीच माकडं नसतात, कुणीतरी बदलून पाठवतं. दूधवाल्याने पाणी घातलं तर ते चिडत, पण एखाद्या दिवशी दूध दाट आलं की जास्त अस्वस्थ होत आणि त्याला दारात थांबवून घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारत. खाजगी बोलायचं असलं की मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरून ठेवत. एकदा तसाच डबा उसन्या तांदळांबरोबर आमच्या चुलीजवळ आला, आत घंटी वाजली आणि माझ्या बायकोच्या हातातली कढई पडली. सिमकार्ड घ्यायला मी त्यांना दुकानात नेलं तर अंगठ्याचं यंत्र काही त्यांचा अंगठा घेईना. जन्मभर तंबाखूत चुना मळून त्यावरच्या रेघा पार झिजल्या होत्या. दुकानदाराने सहा वेळा पुसून पाहिलं. इतर कुणी कंटाळला असता, हे परत येताना गल्लीभर सांगत आले, ‘सरकारला माझा अंगठा वाचता येत नाही.’ इतक्या आनंदात मी त्यांना नंतर फार वेळा पाहिलं नाही.

एवढा संशय त्यांच्यात आला कुठून, तर धंद्यातून. ते तीर्थोपाध्याय होते. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं आणि गंगापूजनं करायची आणि आलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, कूळ, बरोबर कोण होतं, हे वहीत लिहून ठेवायचं, असं सात पिढ्या चाललेलं. लाल कापडात बांधलेल्या त्या लांबट वह्या त्यांच्या आतल्या खोलीत फडताळात होत्या आणि जुन्या सगळ्या मोडीत होत्या. त्या वह्यांचा कायदा एकच, ज्याचं पान त्यालाच दाखवायचं. येणाऱ्याने आधी आपलं गाव, गोत्र आणि पणज्याचं नाव सांगायचं, ते जुळलं तरच गाठ सुटायची. मग तो भिकारी असो की संस्थानिक. माझंही जुळल्यावर, पाचव्या दिवशी, त्यांनी माझ्यासमोर एक वही उघडली. आमच्या खापरपणज्यापासूनची नावं त्यांनी खड्या आवाजात वाचून दाखवली. माझे पणजोबा पणजीला घेऊन काशीला आले होते हे मला तिथे कळलं. मोडीतलं मला अक्षर कळत नव्हतं, तरी पानाच्या तळाशी आणखी एक ओळ आहे आणि तिच्यावर यांचा अंगठा आहे एवढं दिसलं.

‘खाली काय लिहिलंय, गुरुजी?’ मी विचारलं.

‘ही ओळ तुमची नाही.’

‘पान माझं आहे ना?’

‘पान तुमचं. ओळ तुमच्या पणजीची. नवरा स्नानाला गेला तेव्हा ती माझ्या आजोबांना काही सांगून गेली. म्हणाली, लिहून ठेवा, गंगेच्या काठी कुठेतरी असू दे, पण आमच्यात कुणाला सांगू नका. तुम्ही तिच्यातलेच, मग तुम्हांला कसं सांगणार?’ आणि त्यांनी वही मिटून गाठ मारली.

त्या दिवसापासून संशयाची लागण मलाही झाली. पणजीने काय सांगितलं असेल? आमच्या घरात तिचा एक पिवळा पडलेला फोटो होता, त्यात ती एखादी गोष्ट लपवणारी मुळीच वाटत नाही. बायको म्हणे, जावेची बांगडी ढापली असेल. मग भांडी घासता घासता थांबून म्हणे, नाही हो, तेवढ्यासाठी कुणी काशीत बोलत नाही. मी आडून आडून विचारत राहिलो. तंबाखू आणून दिली, दशाश्वमेधाहून हव्या त्या दुकानाची रबडी आणली. रबडी ते खात, आणि खाताना म्हणत, ‘ही रबडी तुम्ही मला खिलवत नाही, वहीला खिलवताय.’

त्यांना फसवणं अवघड होतं. एकदा त्यांना फोन आला, बँकेतून बोलतोय, खातं बंद होईल, नंबर सांगा. गुरुजींनी त्याला नाव विचारलं, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, गाव, आणि गावात नदी कोणत्या अंगाला आहे ते विचारलं. पाऊण तासाने तो पोरगा आपली आजी कशी गेली ते सांगत होता. शेवटी गुरुजी त्याला म्हणाले, ‘बेटा, आजी का श्राद्ध नहीं हुआ, इसलिए ऐसा काम करना पड़ रहा है. पितृपक्ष में आ जाओ.’ तो आला नाही, पण फोनही पुन्हा आला नाही.

वह्यांची हालत मात्र वाईट होती. नदीची ओल आणि वाळवी दोघींनी मिळून कडा खाल्ल्या होत्या. पान उलटलं की भुगा हातात यायचा. त्यामुळे वह्यांचे फोटो काढून क्लाउडवर ठेवावे असं मीच सुचवलं. पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस वर आले. ‘वो पेटी कुठे असते? कोण बघतो तिच्याकडे?’ मी समजावलं की दूरच्या कुठल्या देशात मशीन असतं, पण कुलूप तुमच्या फोनवरच लागतं, किल्ली फक्त तुमच्याजवळ राहते, पेटी ठेवणाऱ्या कंपनीलाही आतलं दिसत नाही. हे त्यांना पटलं. म्हणजे त्यांच्याच वहीचा कायदा झाला.

फोटो काढायला त्यांनी मला आत घेतलं नाही, कारण बाकीची पानं माझी नव्हती. मी त्यांना शिकवलं, पंचांगावर सराव करवला. प्रत्येक फोटोत त्यांचा अंगठा यायचा. ‘गुरुजी, अंगठा काढा,’ मी ओरडायचो आणि ते म्हणायचे, ‘म्हातारा हात आहे, सरकतो.’ पासवर्ड घालण्याची वेळ आली तेव्हा मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. पण मनात ठेवून लिहायची त्यांना सवय नव्हती, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. म्हणून त्यांनी मला मोठ्या आवाजात एकोणतीसचा पाढा म्हणायला लावला. एकोणतीस सत्ते अडलं. बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस भिंतीपुढे बसून एकोणतीस सत्ते आठवतोय आणि मागून एक वृद्ध गृहस्थ ‘रुको, रुको, अभी मत रुको’ म्हणतायत, हे दृश्य माझ्या बायकोने दारातून पाहिलं आणि ती आल्या पावली परत गेली.

पुढच्या हिवाळ्यात एका कचेरीतून एक गृहस्थ आले. गाझीपूरकडचे, बोलायला गोड. कुठल्याशा घराण्याच्या जमिनीचा तंटा होता, त्यातली एक बाई लग्नाची होती की नाही ते पाहायचं होतं, म्हणून त्या घराण्याचं पान हवं होतं. गुरुजींनी त्यांना चहा दिला आणि पणज्याचं नाव विचारलं.

‘हम अपने लिए थोड़े माँग रहे हैं, गुरुजी. सरकार माँग रही है.’

‘तो सरकार के परदादा का नाम बता दीजिए,’ गुरुजी शांतपणे म्हणाले. ‘गोत्र भी चलेगा.’

ते गृहस्थ हसले. गुरुजी हसले नाहीत. ज्यांचं पान आहे त्यांना पाठवा, एवढंच म्हणाले. उठताना तो माणूस चपला घालत सहज बोलून गेला, ‘आज नहीं तो कल ताला खुलेगा ही, गुरुजी. अब तो सब मोबाइल में है.’ तो परत आला नाही, पण ते वाक्य घरातून गेलं नाही. वर आठवड्याभरात पेपरात बातमी आली की लोकांनी क्लाउडवर कुलूप लावून ठेवलेलं पाहायची सोय सरकारांना हवी आहे, कंपन्यांनी किल्ली द्यावी म्हणून मागणी चालली आहे. गुरुजी पेपर घेऊन जिना चढून आले. त्यांना दम लागला होता.

‘तुम्ही म्हणाला होता, किल्ली फक्त माझ्याजवळ.’

मी बँकवाला, नियमाची बाजू घ्यायची खोड. म्हटलं, ‘गुन्हेगार पकडायला लागत असेल, गुरुजी. आपल्याला काय भीती?’

‘अहो बँकवाले, माझ्या वहीत काय चोर नाहीत? भरपूर आहेत. डुबकी मारून सगळं सांगून गेलेत. पण चोराचं पान पाहायला वही उघडावी लागते, आणि वही उघडली की बाजूच्या पानावरची बाईसुद्धा उघडी पडते. तिने काय केलं होतं?’

त्यांनी खिडकीतल्या माकडाकडे पाहिलं. त्याच्यासमोर बोलावं की नाही हे ठरवत असावेत. मग हळूच म्हणाले, ‘समजा, कुलूप तोडलंच. काय दिसेल?’

‘फोटो दिसतील.’

‘फक्त फोटो ना? फोटोत जे आहे तेवढंच? त्याच्या खालचं नाही?’

मी हसलो. म्हटलं, फोटोच्या खाली काय असणार? ‘बस, मग ठीक आहे,’ म्हणाले आणि खाली गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आतली खोली बंद करून सगळ्या वह्यांचे फोटो पुन्हा काढायला घेतले. पहिले नीट आले नाहीत, पुसून टाकले, असं कारण सांगितलं. दोन महिने लागले. मी मनात म्हटलं, अंगठा आता तरी बाजूला ठेवायला शिकले असतील.

माझी बदली झाली तेव्हा निरोपाला त्यांनी मला तीन ठिकाणी लाख लावून बंद केलेलं पाकीट दिलं. आत किल्ली होती, म्हणजे पासवर्ड. कुणी आपलं पान मागायला आलं तर नाव, गाव, पणज्याचं नाव विचारायचं, जुळलं तरच तेवढं पान पाठवायचं. मी गडबडलो. म्हटलं, मुलीला का नाही देत? त्यांची मुलगी इंदूरला असते.

‘तिला मोडी येते. मीच शिकवली, गलती झाली. तुम्हांला येत नाही आणि शिकायचा उत्साहही दिसत नाही. इतका भरवशाचा माणूस मला काशीत मिळायचा नाही.’

सात वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल काढलेले एवढेच चांगले उद्गार. मी खाली वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि पाकीट कोणत्या खिशात ठेवलं ते पाहून घेतलं.

दोन पावसाळ्यांनंतर ते गेले. मुलीचा फोन आला. शेवटच्या महिन्यात नावेवाल्याला बोलावून, भुगा झालेल्या सगळ्या जुन्या वह्या त्यांनी स्वतःच्या हाताने गंगेत सोडल्या होत्या. पंचगंगा घाटापर्यंत नाव नेली, वाटेत नावाड्यावर संशय घेतला, आणि परत आल्यावर शांत झोपले. आमची वही त्यातच होती.

आणि आता कबूल करायला हवं. नाशिकला निवृत्त होऊन आल्यावर मी मोडीच्या वर्गाला नाव घातलं. इतिहासाची आवड, असं सगळ्यांना सांगितलं. सहा महिन्यांनी जोडाक्षरं जरा लागू लागली तेव्हा एका दुपारी, कुणी पान मागायला आलेलं नसताना, मी लाख फोडली. पासवर्ड काय होता ते इथे सांगत नाही. तुम्ही कोण, कुठले, मला काय माहीत. पेटी उघडली. दुसऱ्यांची पानं उघडली नाहीत, एवढं तरी पाळलं. प्रत्येक फोटोला गुरुजींनी गाव आणि घराण्यातली नावं देवनागरीत घातली होती, त्यातून आमचं गाव शोधून आपलं पान मोठं केलं आणि बोट ठेवून अडखळत वाचत गेलो. गाव, कूळ, पणजोबांचं नाव, सोबत कुटुंब. आणि तळाच्या ओळीवर अंगठा.

आधी हसू आलं. म्हाताऱ्याला शेवटपर्यंत फोटो काढता आला नाही, असं वाटलं. मग मागे जाऊन सगळ्या पानांच्या बारीक चौकोनांवरून नुसती नजर फिरवली. बहुतेक पानांवर अंगठा नव्हताच. जिथे होता तिथे कडेवरून चुकून आत आलेला नव्हता. कुठे पानाच्या मध्यावर, कुठे वर, एका एका ओळीवर नीट आडवा ठेवलेला होता. दोन महिने बंद खोलीत ते हेच करत होते. कुलूप आज ना उद्या तुटेल हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. ते कुणाकडून तुटेल याचाही अंदाज त्यांनी केला असावा, आणि त्यात मीही असेन असं आता मला वाटतं.

आमच्या पानावर अंगठ्याच्या पुढे ओळीचे शेवटचे दोनच शब्द उघडे राहिले होते. अर्धा तास खटपट करून मी ते लावले: ‘सांगणे नाही’. मला फार लाज वाटली. पणजीपुढे वाटली आणि गुरुजींपुढे जास्त वाटली.

पाकीट मी पुन्हा बंद करून ठेवलं आहे. अधूनमधून इंदूरहून गुरुजींची मुलगी कुणाचा तरी नंबर पाठवते, मी पणज्याचं नाव विचारतो आणि जुळलं तर पान पाठवतो. मोडीचा वर्ग सोडला. कधी पेपरात पुन्हा ती बातमी दिसते, कुठलं तरी सरकार किल्ली मागत असतं. मग मी माझं पान उघडतो. पणजी काय बोलली ते कळावं असं आता वाटत नाही. नख मधोमध चिरलेलं, बाजूला चुन्याचा पांढरा डाग आणि कडेने दिसणाऱ्या रेघा जवळजवळ नाहीतच, असा तो अंगठा बघत थोडा वेळ बसतो आणि पेटी बंद करतो.