काचेच्या पेटीतली गांधीलमाशी

मुंगीहूनही लहान अशी ही गांधीलमाशी काचेच्या पेटीत फिरते आहे आणि सकाळपासून मी तिच्याकडे बघत बसले आहे. परदेशातून आलेल्या एका भुंग्याने वांग्याच्या पानांची चाळणी केली, म्हणून प्रयोगशाळेने त्याची ही वैरीण मागवली. ती त्याच्या अंड्यांत आपली अंडी घालते, मग त्याची पिल्लं जन्मतच नाहीत. आज मात्र पेटीत गाजरगवत खाणाऱ्या, आपल्या कामाच्या भुंग्याची अंडी ठेवली आहेत. दुसरं काही मिळालं नाही तर ती काय करते, हे तिला शेतात सोडण्याआधी बघावं लागतं.

दुपारी ती एका अंड्यावर थांबली आणि आपलं अंडं घालायला तिने ते टोचलं.

"एकच ना, मॅडम? सुरक्षित लिहून टाका," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "शेतकरी खोळंबलेत."

मला शेतकऱ्यांची अडचण दिसते. पण फवारलेलं औषध कधीतरी धुऊन जातं, सोडलेली माशी परत बोलावता येत नाही. तिला आपलं-परकं कळत नाही. ते कळण्यासाठीच मला इथे बसवलं आहे.

मी वहीत 'टोचलं' एवढंच लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

"सुरक्षित तुम्ही लिहा, साहेब. खाली सहीही तुमचीच करा."